हुओवांगदादा काय म्हणाला

१२ मार्च १९५८

आज सभेत मला खुर्ची मिळाली. सहा वर्षे मी इथले पक्षाचे प्रमुख कॉम्रेड ल्वान यांच्या डाव्या हाताला उभा राहून त्यांचे बोलणे लोकांना समजावत आलो. आज त्यांनी स्वतः शाळेतली खुर्ची ओढून मंचावर ठेवली आणि बस म्हणाले. ते एक वाक्य बोलतात. मी ते आधी आमच्या शीवेई खोऱ्याच्या बोलीत सांगतो, मग खिंडीपलीकडच्या लाओलिंगच्या बोलीत, मग नदीकाठच्या लोकांच्या बोलीत. त्यांचे एक, माझी तीन. म्हणजे सभेत सर्वांत जास्त मीच बोलतो. हे मी कोणाला बोलून दाखवत नाही.

आई लाओलिंगची, वडील शीवेईचे, आणि लहानपणी दोन वर्षे नदीकाठच्या तेलघाण्यावर गेली, म्हणून तीन बोली अंगात आहेत. चौथी, म्हणजे देशाची, कॉम्रेड ल्वान यांच्याकडून शिकलो. ते उत्तरेतल्या शांडोंग प्रांताचे. सैन्याबरोबर दक्षिणेत आले आणि इथेच राहिले. माझी शाळा चौथीत सुटली, पण त्यांच्या तोंडाकडे बघून बघून मी जे मिळवले ते सातवी शिकलेल्यांकडेही नाही.

संध्याकाळी हुओवांगदादाकडे गेलो. हा माझा चुलतभाऊ, दोन वर्षांनी मोठा. कागद बनवायच्या छपरात बांबूचा लगदा ढवळतो. हिवाळ्यात त्याचे लग्न झाले. लानश्यांग वहिनी लाओलिंगची आहे. तिला आमची बोली येत नाही आणि त्याला तिची. तिच्या घरी बोलणी करायला मी गेलो होतो. नोंदणी कचेरीत "स्वखुशीने लग्न करता का" हे मी तिला विचारले आणि तिचे "हो" मीच कारकुनाला सांगितले. अजूनही रोज संध्याकाळी त्या दोघांचे दिवसभराचे बोलणे माझी वाट पाहत बसलेले असते.

आज दादा म्हणाला, "तिला सांग, वरच्या विहिरीचं पाणी गोड आहे खरं, पण वाटेत शेवाळ आहे. पडली-बिडली तर? म्हणावं, तू नको जाऊस, सकाळी छपराकडे जाताना मीच आणून ठेवत जाईन."

मी वहिनीला सांगितले, "वरच्या विहिरीवर जाऊ नका म्हणतोय."

भाषांतर आटोपशीर असावे. वहिनीने मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाली की मी पाणी भरलेलं घरात चालत नाही का, माझं काय चुकतं ते सांगा, मी शिकून घेईन. मी दादाला म्हणालो, "बरं म्हणते."

घरी येऊन "शेवाळ" हे वर लिहिलेले अक्षर कोशात पाहिले. बरोबर लिहिले होते.

१९ मार्च

काकू, म्हणजे दादाची आई, आज ओसरीवर बायकांना सांगत होती की खिंडीपलीकडचे लोक बोलतात तेव्हा तिला वाटते बदकांचा कळप घरात शिरला. बायका हसल्या. वहिनी तिथेच भाजी निवडत होती. शब्द कळले नाहीत, हसणे कळले. मी तिला म्हटले की त्या बदकांच्या बाजारभावाबद्दल बोलत आहेत. आई गेल्यापासून माझ्याशिवाय अख्ख्या शीवेईत तिच्या बोलीत तिच्याशी बोलणारे कोणी नाही.

तिने तीळ, चहाची पाने आणि शेंगदाणे खलात घोटून तिच्या माहेरचा चहा केला. पहिला वाडगा मला दिला.

दादा दोन्ही हातांनी वाडगा धरून बसला होता. बैल पाण्यावर उभा राहतो तसा. म्हणाला, "तिला म्हणावं, असला चहा आजवर मला कोणी पाजला नव्हता. दिवसभर त्या लगद्याच्या घाणीत हात असतात, पण मधेच तिळाचा वास येतो आणि मला घरची आठवण होते."

मी सांगितले, "चहा चांगला झालाय म्हणतो."

या वाक्याला लाओलिंगच्या बोलीत शब्द नाहीत असे लिहिणार होतो. पण दैनंदिनीत खोटे लिहू नये. शब्द होते. घशापर्यंत आले आणि तिथेच बसले. दिवसभर लगदा ढवळणारा माणूस असे काही बोलेल हे कोणाला खरे वाटले असते?

५ एप्रिल

पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई. खाली आल्यावर सभा झाली. तालुक्यावरून हुकूम आला आहे की आता सगळ्यांनी देशाची सामाईक बोली शिकायची. म्हातारे, बायका, गुराखी, सगळ्यांनी. दरवाजा, चूल, फावडे, प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी लावायची आणि शेजारी नव्या परक्या, रोमन अक्षरांत उच्चार लिहायचा. शरद ऋतूत तालुक्याला स्पर्धा आहे.

कॉम्रेड ल्वान म्हणाले की शेजारच्या खोऱ्यातल्या माणसाचं बोलणं कळत नसेल तर आपण एका देशाची माणसं कसली, आपण एका धर्मशाळेतले वाटसरू. मी तिन्ही बोलींत सांगितले. फूत्येन आजोबा उठून म्हणाले, "माझ्या बायकोचं बोलणं मला चाळीस वर्षं कळतंय. काय भलं झालं त्यानं?" हशा पिकला. मग त्यांनी खरेच काळजीने विचारले की पुढच्या वर्षी थडग्यापाशी बापाला कोणत्या बोलीत हाक मारायची, कारण बापाला सामाईक बोली येत नव्हती. मी हे कॉम्रेड ल्वान यांना सांगितले. ते विचारात पडले. मग म्हणाले, मेलेल्यांना सूट आहे.

गावाचा शिक्षक म्हणून माझे नाव जाहीर झाले. टाळ्या वाजल्या. वहिनीनेही वाजवल्या, मी पाहिले.

घरी आल्यावर मात्र एक गोष्ट मनातून जाईना. सगळ्यांना सगळ्यांचे कळू लागले तर मधे बसणाऱ्या माणसाने कुठे बसायचे? कॉम्रेड ल्वान यांना विचारले. ते म्हणाले, "अरे वेड्या, तू तर मास्तर झालास." तेव्हा पटले. आता पुन्हा पटत नाही.

२७ एप्रिल

वर्ग दिवे लागणीच्या वेळी, धान्याच्या कोठाराच्या अंगणात भरतो. वहिनी पहिल्या रांगेत बसते. तिची नजर माझ्या तोंडावरून हलत नाही. मी "आ" म्हटले की तिचे ओठही तेवढेच उघडतात. तिला इतक्या लवकर सगळे येते की मला दोनदा सांगावे लागत नाही. दोनदा सांगता आले असते तर बरे झाले असते.

दादा शेवटी, खांबाला टेकून. पण आज मधेच म्हणाला, "योउगेन, भोंग्यात असं म्हणत नाहीत."

कागदाच्या छपरावर मागच्या महिन्यात तारेवरचा भोंगा लागला आहे. त्यातून बीजिंगच्या बातम्या येतात. लगदा ढवळत दादा दिवसभर तो ऐकतो. मी सगळ्यांसमोर सांगितले की भोंग्यातली बाई शहरी आहे, नखऱ्यात बोलते. कॉम्रेड ल्वान देशासाठी लढले आहेत. देशाची बोली त्यांच्या तोंडातली. मग शिस्त म्हणून दादाला धडा संपेपर्यंत उभे केले. तो निमूट उभा राहिला. वहिनीने एकदाही मागे वळून पाहिले नाही याचे मला समाधान वाटले. नंतर लक्षात आले, ती वर्ग सुटेपर्यंत माझ्याकडेही बघत नव्हती.

१५ मे

काही विशेष नाही. वहिनीने चहा केला. पहिला वाडगा त्याला दिला.

९ जून

आज जे झाले ते नीट लिहितो, म्हणजे डोके शांत होईल.

ओढ्यावरच्या छप्पर असलेल्या पुलावर नाका बसवला आहे. लोक त्याला बोलनाका म्हणतात. पाळीने एकजण काठी आडवी धरून उभा राहतो. जो येईल त्याला सामाईक बोलीत दोन प्रश्न विचारायचे. नीट उत्तर दिले तरच पलीकडे सोडायचे. फूत्येन आजोबा नाका चुकवायला ओढ्यातून जातात आणि भिजून घरी येतात.

आज पाळी वहिनीची होती. माझ्यापुढे दादा, खांद्यावर बांबू.

तिने काठी आडवी केली. "कॉम्रेड, कुठून आलात?"

"कॉम्रेड, मी कागदाच्या छपरातून आलो."

"कॉम्रेड, कुठे चाललात?"

धड्यातले उत्तर "मी सभेला चाललो" असे आहे. दादा म्हणाला, "मी घरी चाललो. घरी माझी बायको आहे."

"ती काय करते?"

"घरी नाही ती. नाक्यावर उभी आहे. मला सोडत नाही."

ती हसली. काठी हातातून सुटून पुलाच्या फळ्यांवर पडली तरी हसतच राहिली. हिवाळ्यापासून मी तिला हजारो वाक्ये सांगितली असतील, त्यातल्या एकालाही ती अशी हसली नव्हती. आणि ही वाक्ये तरी कोणाची? त्यातला प्रत्येक शब्द मी दिलेला. "घरी" मी शिकवले. "बायको" सातव्या धड्यात आहे. ते मीच फळ्यावर लिहिले होते, दोनदा पुसून नीट लिहिले होते.

मी पुढे होऊन सांगितले की उत्तर धड्याप्रमाणे नाही. वहिनी म्हणाली, "पण कळलं मला." मग माझ्या हातातल्या टोपलीकडे बोट दाखवले. मी म्हटले, "टोपली." ती जरा थांबली. "भोंग्यात वेगळं म्हणतात भाऊजी. पण जा तुम्ही."

जा तुम्ही. जणू उपकार.

१ जुलै

नवऱ्यांचा गट वेगळा आणि बायकांचा वेगळा केला. कारण: नवरा-बायको एकत्र बसले की अभ्यास होत नाही. हे कारण खरेही आहे. कॉम्रेड ल्वान यांनी शाबासकी दिली.

४ जुलै

उपयोग झाला नाही. दोघे आता बांबू उतरवताना सराव करतात. हा एक टोक धरतो, ती दुसरे. "कॉम्रेड, हळू." "कॉम्रेड, उजवीकडे." चढावर गेले की "कॉम्रेड" गळून पडतो. ऐकू येईल इतक्या अंतरावर मी उगाच गेलो नव्हतो, तिकडून माझा रस्ताच होता.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. दोघेही उठून "ये, बस" म्हणाले. मी बसलो. कोणाला माझ्यातर्फे काही सांगायचे नव्हते. दादा म्हणाला, "योउगेन, खा काहीतरी." तीन माणसे, आणि मी पाहुणा.

काकूने मात्र मला कोपऱ्यात बोलावले. सून आता सामाईक बोलीत तिला काहीबाही म्हणते, तिला कळत नाही, ती शिव्या तर देत नाही ना? मी म्हटले, "ती विचारते तुमचे गुडघे कसे आहेत." काकूने गुडघ्यावर हात फिरवला. मग म्हणाली, "मग हे आधी नव्हतं का विचारत?"

विचारत होती.

२६ ऑगस्ट

आजच्या सभेत खुर्ची मांडली होती, पण कॉम्रेड ल्वान पहिले वाक्य संपवून दुसऱ्यावर गेले. मी तोंड उघडले होते, ते तसेच राहिले. ते हळूच म्हणाले, "राहू दे, आता कळतं त्यांना." सभाभर मी मांडीवर हात ठेवून बसलो. एकजणही माझ्याकडे बघत नव्हता. तीनशे माणसांपुढे उंचावर बसून आपल्याकडे कोणीच बघत नसणे, यापेक्षा खाली बसलेले बरे.

खरे सांगायचे तर लोकांना निम्मेच कळले. नाक्यावर परतताना नदीकाठचा एक तेली म्हणत होता, "भोंगा बोलतो ते स्वच्छ कळतं. कॉम्रेड ल्वान बोलतात तेव्हा कान ताणावे लागतात." दुसरा म्हणाला, वय झालं त्यांचं. मी म्हटले, तुमचे कान मातीने भरले आहेत.

स्पर्धेला गावातर्फे दोघे जाणार. शिक्षक म्हणून मी, आणि शेतकरी-कामगारांतून हुओवांगदादा. त्याचे नाव मी पाठवले नव्हते.

२१ सप्टेंबर

स्पर्धा झाली. ट्रकमधून आत्ताच उतरलो. अक्षर वाकडे येत आहे, क्षमा.

तालुक्याच्या सभागृहात सातशे तरी माणसे. वहिनी आमच्या गावच्या लोकांबरोबर मागे. परीक्षक तिघे, त्यातल्या मधल्या बाई प्रांताच्या राजधानीतून आलेल्या. माझा विषय "आपली मातृभूमी". महिनाभर पाठ केले होते. प्रत्येक उच्चार कॉम्रेड ल्वान यांच्यापुढे तपासून घेतला होता. एकदाही अडखळलो नाही.

बाईंनी चष्मा काढला आणि आपुलकीने विचारले, "कॉम्रेड, तुम्ही शांडोंगचे, समुद्राकडच्या भागातले ना? माझी सासू तिकडचीच. इतकी वर्षं दक्षिणेत राहून तिकडच्या बोलीचं वळण गेलं नाही बघा तुमचं. पण स्पर्धा सामाईक बोलीची आहे हो."

मी म्हटले, मी शीवेईचा. माझा जन्म शीवेईत झाला. शांडोंग मी पाहिलेले नाही.

त्यांना वाटले मी विनोद करतो आहे. त्या हसल्या, मग बाकीचे दोघे हसले, मग सभागृह हसले. आणि सर्वांत शेवटी, उशिरा समजून, आमच्याच गावचे लोक.

दादाचा विषय "माझे काम". बांबू कसा तोडतात, चुन्यात कसा भिजवतात, लगद्यातून कागदाचा ताव कसा उचलतात ते त्याने सांगितले. भोंग्यातल्या बाईचा आवाज पुरुषाच्या घशातून यावा तसा. शेवटी म्हणाला, "आमच्या घरात आधी दोन बोली होत्या. एक माझी, एक तिची. आता तिसरी आली. ती कोणाच्याच बापाची नाही, म्हणून दोघांची आहे." टाळ्या थांबेनात. शेवटचा भाग विषयाला सोडून होता. गुण कापायला हवे होते. त्याला पहिले बक्षीस मिळाले, लाल अक्षरांचा पांढरा एनॅमलचा मग. वहिनीने तो बाहीने पुसला. त्यावर धूळ नव्हती.

परतताना ट्रकमध्ये कॉम्रेड ल्वान माझ्या शेजारी होते. पहिल्या रांगेत बसून ते एकटेच हसले नव्हते. खूप वेळाने म्हणाले, "तू बोलायला उभा राहिलास आणि मला वाटलं माझा धाकटा भाऊ आलाय. नऊ वर्षांत ती बोली कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. रोज तुझ्याशी बोलत होतो तेव्हा कसं लक्षात आलं नाही कोण जाणे." मग म्हणाले, "मला वाटायचं मी देशाची बोली बोलतो. मी माझ्या आईची बोलत होतो."

ट्रकमध्ये धूळ होती, ते डोळे पुसत होते. मला त्यांचा राग आला. सहा वर्षे मी त्यांच्याकडून देश शिकलो आणि हातात आले त्यांचे गाव. त्यांना निदान ते गाव आहे. तिथे जाऊन ते असे बोलले तर कोणी हसणार नाही, कोणी तरी दार उघडेल. मी तसा बोललो तर त्या दारात मी कोण?

२ ऑक्टोबर

वर्ग आता दादा घेतो. म्हणजे भोंगा घेतो. तो फक्त भोंग्याखाली सगळ्यांना बसवतो आणि मधेमधे हात वर करतो. कॉम्रेड ल्वानही येऊन बसतात, शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून. मी गेलो नाही. घसा बसला आहे असे कळवले.

वहिनीला आता त्या मगातूनच पाणी गोड लागते म्हणे.

१२ ऑक्टोबर

दुपारी पुलावरच्या बाकावर बसलो होतो. वहिनी आली. समोर उभी राहिली आणि सामाईक बोलीत म्हणाली, "भाऊजी, मला तुम्हाला काही विचारायचं आहे." स्वच्छ, भोंग्यासारखे. मी लाओलिंगच्या बोलीत म्हटले, आपल्या बोलीत विचारा. तेव्हा ती बसली.

तिने सांगितले की काल रात्री सहज विहिरीचा विषय निघाला. तिने दादाला विचारले की तू मला वरच्या विहिरीवर जायची बंदी का घातली होतीस. त्याला आठवेचना. म्हणाला, बंदी कशाला घालीन, शेवाळ होतं म्हणून मी आणतो म्हटलं होतं, आणतच होतो की. "भाऊजी, रोज सकाळी दाराशी घागर भरलेली असायची. मला वाटायचं, माझा हात लागू नये म्हणून घरचे भरतात. वसंतभर मी ती घागर बघून रडले."

माझ्या पायांखालचा पूल ओढ्याबरोबर वाहतोय असे वाटले.

ती ओरडली नाही. म्हणाली, "तो हिवाळ्यापासून काय काय म्हणाला ते मला सांगा. सगळं. त्याला विचारलं तर म्हणतो आठवत नाही, काहीतरी म्हणालो असेन. पण तुम्ही विसरणारे नाही."

नाही म्हणता आले असते. म्हणणारही होतो. पण मला खरेच सगळे आठवते. शब्द विसरणाऱ्या माणसाला हे काम करता येत नाही. मी सांगायला लागलो. विहीर सांगितली. तिळाचा वास सांगितला. थंडीत तो म्हणाला होता की तिचे पाय पाण्यात लाल होतात, तिच्यासाठी कापडी बुटांचे तळ मी शिवतो, पण तिला सांगू नको, आधी जमतात का बघू, तेही सांगितले. काकूच्या बोलण्यावर तो म्हणाला होता, "तिला म्हण, आई माझ्यावरही अशीच बोलते, आपण दोघं एका बाजूला." तेही. एकेक वाक्य त्याच्या पूर्ण लांबीचे, काही न कापता, तिच्या आईच्या बोलीत. मी इतके चांगले भाषांतर कधी केले नव्हते. आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. ती ओढ्यापलीकडच्या कागदाच्या छपराकडे बघत होती. माझा आवाज, आणि तिला तो तिथून येत होता.

संपल्यावर तिने विचारले, "का?"

मी म्हटले, "लांबण लागते. थोडक्यात सांगायची सवय."

"एवढंही लांब नव्हतं, भाऊजी."

ती उठली. दोन पावले जाऊन वळली. म्हणाली, "एक मात्र तुम्ही पूर्ण सांगितलं होतं. पहिल्या दिवशी, माझ्या माहेरची माणसं परत गेली आणि मी चुलीपाशी उभी होते तेव्हा. 'रडायचं असेल तर रड, या घरात कोणी कारण विचारणार नाही.' त्या एका वाक्यावर मी इथे टिकले. बाकी सगळं ऐकून आत जळायचं, आणि मग ते आठवायचं. ते तरी त्याचंच ना? की त्यातूनही काही कापलं होतं?"

ही गोष्ट मी इथे कधी लिहिली नाही. त्या संध्याकाळी दादा काही बोलला नव्हता. सरपणाची मोळी छातीशी धरून, लाल होऊन, तो दारात नुसता उभा होता. तिने माझ्याकडे पाहिले, तो काय म्हणतो अशा नजरेने. काहीतरी म्हणणे भाग होते. मी जे म्हणालो ते मला स्वतःलाही आधी माहीत नव्हते.

एवढे एकच माझे तिच्यापर्यंत पोचले होते. सांगून टाकावे असे वाटले. जीभ तयार होती. चारही बोलींत तयार होती.

मी म्हटले, "ते त्याचंच. शब्दन् शब्द. काही कापलं नाही."

तिने मान हलवली आणि गेली. घरी येताना अंग हलके वाटले. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. मी वाईट माणूस नाही असे मला आज वाटते.

१३ ऑक्टोबर

काल हलके वाटले ते लिहायला नको होते.

झोपेतून उठलो तोच लक्षात आले की आता त्यांना माझी गरज नाही, ती सरळ त्याला विचारू शकते. आणि दादाला खोटे बोलता येत नाही. तो म्हणेल, छे, मी कुठे म्हणालो. मग ती समजेल ते वाक्य कोणाचे. भीती वाटली. भीतीबरोबर आणखीही काहीतरी वाटले, ते काय ते नीट कळत नाही, पण मी तोंड धुतले, केस विंचरले आणि स्वच्छ सदरा घातला.

दुपारपर्यंत कोणी आले नाही. मग मीच कागदाच्या छपराकडे गेलो. भोंग्यावर पोलादाच्या बातम्या चालू होत्या. दादा कोपरापर्यंत लगद्यात. मला बघून हात निथळले आणि आमच्या खोऱ्याच्या बोलीत, अगदी हळू म्हणाला, "लानश्यांगनं विचारलं काल. पहिल्या दिवशी, रडायचं असेल तर रड, असं मी म्हणालो होतो का."

मी विचारले, "मग?"

"हो म्हटलं." त्याने काठी पुन्हा लगद्यात घातली. दोन-तीन फेऱ्या मारल्या. "चाललं ना?"

मी म्हटले, "मला काय विचारतोस."

"नाही, विचारलं आपलं." तो जरा वेळ ढवळत राहिला. "चांगलं बोललास रे त्या दिवशी. मला सुचलंच नसतं." मग चुलीच्या राखेतून एक भाजलेले रताळे काढले, मोडले आणि मोठा अर्धा माझ्यापुढे धरला.

म्हणजे त्या दिवशी शब्द कळले नसले तरी तिचा चेहरा निवळलेला त्याने पाहिला होता, आणि ते कोणामुळे हेही. सगळा हिवाळा त्याला माहीत होते, आणि तरी रोज संध्याकाळी तो माझ्याच तोंडी आपली वाक्ये देत राहिला. याला काय म्हणायचे, भोळेपणा की आळस?

मी ते वाक्य दिले होते हे खरे. पण दिले ते तिला. त्याला नव्हे. त्याने निदान एकदा अडखळायला हवे होते. "आठवत नाही" म्हणायला हवे होते, बाकीच्या सगळ्या स्वतःच्या वाक्यांबद्दल म्हणतो तसे. स्वतःची वीस विसरला आणि माझे एक तेवढे आठवले त्याला. आता ते त्याचे झाले. तिच्या म्हातारपणी ती सुनांना सांगेल की पहिल्या दिवशी तुमचे सासरे मला असे म्हणाले, आणि सामाईक बोलीत सांगेल, म्हणजे पोराबाळांना, खोऱ्याला, खिंडीपलीकडे, सगळ्या देशाला कळेल.

रताळे घ्यायचे नव्हते. गरम होते म्हणून हातात धरून ठेवता आले नाही, खाल्ले.